अर्धवट हिशेब



आपल्या संगणक कक्षात नववीच्या काही मुलांनी बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहायला घेतला आहे. त्यांच्याकडून तो समजून घेताना मला त्यातले एक तत्त्व फार मोलाचे वाटले. हाती आलेल्या उत्तरावर विश्वास केव्हा ठेवायचा, हे यंत्रालाही शिकवावे लागते.

संगणक आधी एक चाल पुढचे पाहतो, मग दोन, मग तीन. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील स्लेट आणि अ‍ॅटकिन यांच्या प्रोग्राममुळे ही पद्धत १९७० च्या दशकात रूढ झाली. समजा, सातव्या पायरीचा हिशेब चालू असताना वेळ संपली. त्या क्षणी हाती असलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो, कारण प्रतिस्पर्ध्याची सर्वांत घातक चाल कदाचित तपासायचीच राहिलेली असते. म्हणून चांगला प्रोग्राम तो आकडा टाकून देतो आणि पूर्ण झालेल्या सहाव्या पायरीची चाल खेळतो.

दुसरा धोका पायरी पूर्ण झाली तरी उरतोच. वजिराने प्यादे मारले, इथेच पाहणे थांबले, तर प्यादे मिळाल्याचा आनंद होतो. पुढच्याच चालीत वजीर जाणार, हे दिसत नाही. हान्स बर्लिनर यांनी १९७३ साली याला 'क्षितिज परिणाम' असे नाव दिले. यावर उपाय असा की मारामारी चालू असताना थांबायचे नाही, पट शांत झाल्यावरच मोजदाद करायची. क्लॉड शॅनन यांनी १९५० च्या आपल्या लेखातच ही गरज सांगून ठेवली होती.

तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडली. संगणक आधी तपासलेल्या स्थिती वहीत टिपल्यासारख्या साठवून ठेवतो. पण नुसता आकडा लिहीत नाही. तो किती खोल पाहून काढला, आणि तो नेमका आहे, की 'किमान इतका' आहे, की 'फार तर इतका', हेही सोबत लिहितो. पाच चालींचा निष्कर्ष आठ चालींच्या प्रश्नाला तो लावत नाही.

आणि आपण? एका घटक चाचणीत गुण कमी पडले की 'याला गणित जमत नाही' असे म्हणून मोकळे होतो. वेळ संपल्याने ज्याचे शेवटचे दोन प्रश्न राहिले, त्याच्या गुणांचा अर्थ 'याला किमान इतके येते' असा आहे. 'इतकेच येते' असा नाही. पण पाचवीत लागलेला शिक्का दहावीनंतर विषय निवडताना पुढे येतो. मधल्या पाच वर्षांत तो कशावरून लागला होता हे कोणी विचारत नाही, आणि मूल स्वतःही तो खरा मानू लागते.

म्हणून यंदापासून शिक्षकांनी प्रगतिपुस्तकात शेरा लिहिताना तो किती दिवसांच्या निरीक्षणावरून आणि कोणत्या कामावरून लिहिला, हे एका ओळीत नमूद करावे, असे ठरविले आहे. पालकांनीही ती ओळ आधी वाचावी, मग शेरा. विश्वस्त मंडळाने यासाठी प्रगतिपुस्तकात जागा वाढवून द्यावी, ही विनंती.

मुलांनो, तुमच्याबद्दलचा हिशेब अजून चालू आहे. तो अर्धवट असताना कोणाचेही उत्तर, अगदी स्वतःचेही, शेवटचे मानू नका.