पाऊणकी

अण्णांना पाऊणकी पाठ होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे त्यांच्या पिढीनं छडीच्या धाकानं घोकले, आणि १९५७ साली नवे पैसे आले तसे बहुतेकांनी ते आनंदानं सोडून दिले. अण्णांनी बाकीचे सोडले, पाऊणकी ठेवली. कारण ती समुद्राला लागायची.

हिशेब असा. आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ हातात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, फरक नाही. वाजण्याच्या आकड्यात सहा मिळवले की ओहोटी. आमच्या किनाऱ्यावर दर्यावर्दी माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. अण्णा दर्यावर्दी नव्हते, शाळेत भूगोल शिकवायचे. पण रत्नागिरीत खालच्या आळीत जन्मलेल्या माणसाला समुद्र चुकवता येत नाही.

पुढे माझ्या मुलानं इंजिनिअरिंगला असताना त्यांची चूक काढली. तीस तिथ्यांत भरती चोवीस तास पुढे सरकते, म्हणजे तिथीमागे अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. "आजोबा, तुमचा पाढा तिथीला तीन मिनिटं खातो." अण्णा म्हणाले, "तीन मिनिटांत कोण बुडलंय ते सांग."

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी कालनिर्णय लटकायचं. त्याच्या चौकटींत आईचे दुधाचे खाडे, गॅस कधी लावला ती तारीख, मोलकरणीच्या सुट्ट्या, आणि कोपऱ्यात अण्णांची बारीक पेन्सिल. 'मां.' म्हणजे मांडवी, 'भा.' म्हणजे भाट्ये, 'पां.' म्हणजे पांढरा समुद्र. गावाला समुद्र तसे तीन. मांडवीची वाळू काळी, म्हणून तो काळा समुद्र. मध्ये रत्नदुर्गाचा डोंगर आडवा आला की पलीकडे मिऱ्याच्या बाजूला पांढरा. खाडीपलीकडे भाट्ये, लांबलचक आणि सुरूच्या बनाचं. यातला कुठला, हे आम्ही कधी ठरवलं नाही. तिथी ठरवायची.

पाण्यात शिरायचं ते षष्ठी ते अष्टमी. संध्याकाळी साडेचार ते सहाच्या बेतात भरती पुरी होते, म्हणजे आपण पाण्यात असताना पाणी किनाऱ्याकडे येत असतं. शिवाय भांगाचे दिवस, लाटेला उधाणाचा जोर नाही. पाणी चढताना खेळा, उतरायला लागलं की बाहेर, हा अण्णांचा कायदा. त्यावर अपील नव्हतं. पौर्णिमेला पाण्यात पाय घालायचा नाही, नुसतं चालायचं. सव्वापाचला ओहोटी पुरी झालेली असते, भाट्याचा किनारा एरवीच्या दुप्पट रुंद होतो, आणि समोर सूर्य बुडत असताना पाठीमागे नारळांवर चंद्र येतो. ओल्या वाळूवर इवल्या खेकड्यांनी वाळूच्याच गोळ्या करून टाकलेल्या असतात, मोहरीच्या दाण्यापासून साबुदाण्याएवढ्या, प्रत्येक बिळाभोवती रांगोळीसारख्या मांडलेल्या. आम्ही त्या न मोडता चालायचा प्रयत्न करायचो. खेकड्यांना त्याचं काही नव्हतं. पुढची भरती त्या सगळ्या पुसणारच होती आणि ते पुन्हा करणारच होते.

मे महिन्यात पुण्याची आतेभावंडं यायची. स्टँडवरून घरी येताच 'समुद्रावर कधी?' आई कॅलेंडरकडे बोट दाखवायची. दशमी असली तर त्यांना दहा-अकरा दिवस नुसतं बघायला न्यायचे, आणि ती रडायची. आमच्या आत्याला हा भावाचा विक्षिप्तपणा वाटे. "समुद्र काय दवाखाना आहे, वेळ घेऊन जायला?" त्यावर अण्णा एवढंच म्हणायचे की दवाखान्यात जायला लागू नये म्हणूनच.

एक गोष्ट मात्र तेव्हाही मला खटकायची. सुट्टीला समुद्रावर जाणारे लोक आम्हांला भाग्यवान म्हणत. ज्यांनी हे गाव खरोखर नकाशावर बोट ठेवून निवडलं, त्यांनी मात्र दुसऱ्यांना कोंडायला निवडलं. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला १८८६ साली इथे आणून ठेवलं, तो १९१६ साली इथेच गेला. टेकडीवरच्या त्याच्या राजवाड्यातून खाडी आणि समुद्र दिसतो. मंडालेला समुद्र नाही. त्याला तो फुकट मिळाला. उलट टिळकांचा जन्म रत्नागिरीचा आणि कैद मंडालेची. सावरकरांना १९२४ पासून १९३७ पर्यंत इथेच स्थानबद्ध ठेवलं. सरकारच्या लेखी 'समुद्राकाठचं निवांत ठिकाण' याचा अर्थ असा होता.

लग्न होऊन मी पुण्याला आले. पुण्यात तिथीचा उपयोग चतुर्थी-एकादशीच्या उपासापुरता. पाऊणकी वापरात नसली की गंजते, हे मला १९९९ साली कळलं. नवऱ्यानं नवी मारुती घेतली होती आणि ती माहेरी मिरवायला आणली होती. सकाळी साडेनऊला आम्ही भाट्याला गेलो. वाळू घट्ट, रुंद, समुद्र लांब. बाकीच्या दोन गाड्या सुरूच्या सावलीत उभ्या होत्या. नवऱ्यानं आमची थेट पाण्याच्या दिशेनं नेली, फोटोसाठी. मग बनात चटई टाकून आम्ही डबे उघडले. माझ्या डब्यात साबुदाण्याची खिचडी होती. म्हणजे संकष्टी होती. म्हणजे चतुर्थी. म्हणजे तीन वाजता भरती. खिचडी खाताना यातलं काही माझ्या डोक्यात आलं नाही. एकच्या सुमारास मुलगी म्हणाली, "आई, गाडी पोहतेय." पोहत नव्हती, पण मागची चाकं अर्धी रुतली होती आणि लाट दाराला लागून परत जात होती. राजिवड्याकडचे चार जण दोर घेऊन आले, मग एक ट्रॅक्टर आला. त्यांच्यातला म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, तुम्ही भायरच्या काय?" मी 'हो' म्हटलं. दुसरं काय सांगणार होते? अण्णांना मात्र मी आजवर ट्रॅक्टरचं सांगितलेलं नाही.

मग वर्षं जातात तशी गेली. धाकटा भाऊ टोरांटोला स्थायिक झाला. आणि २०२३ साली अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन आलं. ऐंशी वर्षं आणि वर काही महिने झाले की हजार पौर्णिमा पाहून होतात. त्यातल्या निदान तीन-चारशे त्यांनी भाट्याला पाहिल्या असतील, असा माझा अंदाज. पेन्सिलीच्या खुणा मोजल्या तर नक्की कळेल. शांत वगैरे घरी झाली. त्याखेरीज सगळ्यांनी मिळून कुठेतरी जायचं ठरलं, आणि भावाच्या मुलानं, माझ्या भाच्यानं, घरच्या ग्रुपवर लिहिलं की त्याला ट्रॉपिकल बीच हवा.

अण्णांनी चष्मा लावून ते वाचलं. "रत्नागिरी सतरा अंश उत्तरेला. कर्कवृत्त साडेतेवीसला. ह्याला अजून किती ट्रॉपिकल हवंय?"

पण चिडले नाहीत. उलट शाळेचा जुना नकाशासंग्रह काढून बसले. भावानं आधी मे महिना सुचवला होता आणि फुकेत म्हटलं होतं, कारण त्या दिवसांत तिकडची हॉटेलं स्वस्त दिसत होती. अण्णांनी फोनवर वर्गच घेतला. फुकेतचे किनारे पश्चिमेला तोंड करून आहेत, आपल्यासारखेच. जो नैर्ऋत्य मोसमी वारा जूनमध्ये आपली छपरं हलवतो तो तिथे मे महिन्यातच पोचतो. स्वस्त का आहे ते वाऱ्याला विचार. बाली विषुववृत्ताच्या खाली, तिथे मे कोरडा, पण नाताळात पाऊस. आणि भाच्याला सुट्टी नाताळातच. हा सगळा खल मी पुण्यात बसून स्पीकरवर ऐकत होते. माझ्या ओळखीतल्या लोकांनी आजवर किनारे निवडले ते फोटोंवरून: पाणी किती निळं, वाळू किती पांढरी, खोलीतून दिसतं का. कुणी वारा विचारलेला मला आठवत नाही.

नाताळ धरायचा तर उरलं लक्षद्वीप, अंदमान आणि मालदीव. अंदमानला आम्ही सगळे वेगवेगळे जाऊन आलो होतो. लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो, राहायच्या जागा मोजक्या, त्या दिवसांसाठी काही जमेना. (आम्ही परत आल्यावर आठवड्याभरात, २०२४च्या जानेवारीत, सगळ्या देशाला एकदम लक्षद्वीप आठवलं. तेव्हा अण्णा वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "मी नोव्हेंबरातच सांगत होतो.")

मालदीवचं नाव निघालं तेव्हा मला वाटलं, ते नाही म्हणणार. आईनं म्हटलंच, २६ डिसेंबरला दत्तजयंती आहे, परदेशात काय? अण्णा मात्र गप्प होते. मग म्हणाले, "कंकणद्वीप."

तीस वर्षं त्यांनी फळ्यावर कंकणद्वीप काढलं होतं. ज्वालामुखीचा डोंगर खचतो, भोवती प्रवाळ वाढत राहतं, शेवटी डोंगर बुडून नुसतं कडं उरतं आणि मध्ये उथळ, शांत पाणी. डार्विननं मांडलेली कल्पना. इंग्रजीतला ॲटॉल हा शब्द मुळात मालदीवच्या दिवेही भाषेतला, हेही ते वर्गात सांगत. खडूनं काढलेलं ते कडं त्यांनी एकदाही डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. दिवाळीत त्यांनी पासपोर्ट काढला. पहिलाच.

मुंबईहून विमानानं तीनेक तास. मालेला उतरण्याआधी खिडकीतून कडी दिसायला लागली, गडद निळ्यात फिकट हिरवी, काही बंद, काही तुटकी. अण्णांनी भाच्याला उठवून आपल्या जागेवर बसवलं, आणि मग दोन मिनिटांनी त्याला उठवून स्वतः पुन्हा बसले. बोलले काहीच नाहीत. फक्त बोटानं काचेवर एकेक कडं गिरवत होते.

आम्ही साध्या वस्तीच्या बेटावर गेस्टहाउसात राहिलो. आईनं मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि खोबऱ्याच्या वड्या नेल्या होत्या. सकाळी नाश्त्याला ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू आणि त्यात टूना मासा कालवून समोर आलं, बरोबर पोळीसारखी रोशी. अण्णांनी दोनदा घेतलं. आईनं तिचं बिनमाशाचं करवून घेतलं आणि मग खोबरं आपल्यासारखं बारीक खवलेलं नाही, असा शेरा दिला.

दत्तजयंतीच्या सकाळी नाश्ता झाल्यावर अण्णा किनाऱ्यावर गेले आणि पाण्याच्या कडेला आपली काठी रोवली. लहानपणी मांडवीला ते असंच करायचे. आम्ही ओळखायचं की पाणी काठीच्या किती पुढे जाईल. पौर्णिमा, म्हणजे सव्वाअकराला पूर्ण भरती, म्हणजे उधाण. सगळे आजूबाजूला पाण्यात होतो. पाणी इतकं स्वच्छ की छातीएवढ्या पाण्यात उभं राहून पायाची नखं दिसत होती. अण्णा खुर्चीत बसून फक्त काठी बघत होते. सव्वाअकराला ते उठले, गुडघ्यापर्यंत धोतर धरून काठीपाशी गेले आणि हाताच्या विती लावून मोजलं.

"दीड वीत," ते म्हणाले. "पौर्णिमेला! आपल्याकडे उधाणाला पाणी दोन मीटरांवर चढतं."

भाचा म्हणाला, "आजोबा, इथलं टाइड टेबल फोनवर आहे, बघू?" अण्णांनी हात हलवला. मग थोड्या वेळानं त्यांच्यातला मास्तर जागा झाला. या देशात बाराशेच्या आसपास बेटं, आणि नैसर्गिक जमिनीची उंचात उंच जागा जेमतेम अडीच मीटर. रत्नागिरीचं उधाण इथे एकदा आलं तर संध्याकाळी निम्मा देश घोट्याएवढ्या पाण्यात. म्हणून समुद्रानं इथे पायरी ओळखून राहायचं ठरवलंय, असं त्यांनी भाच्याला सांगितलं. यात भूगोल किती आणि अण्णा किती, हे वेगळं करायला मी गेले नाही.

त्या रात्री चंद्र वर आला तेव्हा आई खुर्चीवर बसून दत्ताची आरती पुटपुटत होती. अण्णा वाळूवर वाकून काहीतरी शोधत होते. खेकडे होते, पण मोठे, फिकट, पळणारे. गोळ्या नव्हत्या.

गेल्या वर्षी मी गणपतीला रत्नागिरीला गेले तेव्हा माळ्यावरून मोदकपात्र काढताना जुन्या कॅलेंडरांचं भेंडोळं हाती आलं. आई ती टाकत नाही. कपाटाच्या फळ्यांवर घालायला लागतात. २०२३चा डिसेंबर उलगडला. २४पासून २८पर्यंत पाच चौकटींत आईच्या अक्षरात 'दू. बंद'. २६च्या कोपऱ्यात पेन्सिलीनं, इतकं बारीक की मला दाराच्या उजेडात न्यावं लागलं: 'मा. पौ. दीड वीत. पाणी चांगलं.'