भंडारदऱ्याचे चार दिवस

आपल्या घरांतून प्रवास म्हटला म्हणजे तो तीर्थयात्रेचा, लग्नकार्याचा, नाहीतर आजाऱ्याच्या समाचाराचा. केवळ एखादे रम्य स्थळ पाहावे, तेथे चार दिवस स्वस्थ राहावे, आणि तेही उभयतांनीच, ही कल्पना पुष्कळ वडीलधाऱ्यांस अद्याप चैनीची वाटते. परंतु एकत्र कुटुंबात जिने चाळीस वर्षे पंगतीमागून पंगती वाढल्या, तिला कोणाचेही ताट न वाढता चार दिवस मिळावेत, यात चैन ती कसली? या विचाराने आम्ही उभयता गेल्या आश्विनात भंडारदऱ्यास जाऊन आलो. सौभाग्यवतींची इच्छा खरे म्हणजे समुद्र पाहण्याची होती. पण आमच्या जिल्ह्यास समुद्र नाही. आहे तो मनुष्याने सह्याद्रीच्या ओंजळीत अडवून धरलेला. तोच प्रथम पाहू, असे ठरले.

आमचा हा अहिल्यानगर जिल्हा, ज्यास २०२४ पर्यंत अहमदनगर म्हणत, तो दुष्काळाकरिता प्रसिद्ध. पूर्वेकडील तालुक्यांत वीस-बावीस इंच पाऊस पडला तरी लोक देवाचे आभार मानतात. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, अकोले तालुक्यातील घाटमाथ्यावर, पाऊस शंभर इंचांच्याही पुष्कळ वर जातो. या दोन टोकांना जोडणारी नदी म्हणजे प्रवरा. रतनगडाच्या परिसरात उगम पावून, नेवाशाचे दर्शन घेऊन ती प्रवरासंगमी गोदावरीस मिळते. ‘प्रवरा’ म्हणजे श्रेष्ठ. लोक तिला अमृतवाहिनीही म्हणतात, आणि तिच्या काठचा शेतकरी त्या नावास अतिशयोक्ती मानीत नाही.

संगमनेर सोडून अकोल्याकडे वळले की दुतर्फा ऊस लागतो. अकोल्यास प्रवरेच्या काठी अगस्ती ऋषींचे स्थान आहे, तेथे घटकाभर थांबलो. ज्या ऋषीने आचमनात समुद्र प्राशन केला अशी पुराणकथा आहे, त्याच्याच तपोभूमीच्या वरच्या अंगास पुढे माणसांनी एक समुद्र साठवावा, हा योगायोग आम्हांस मोठा मौजेचा वाटला. राजूरच्या पुढे रस्ता डोंगरात शिरतो. वाटेत रंधा येथे प्रवरा दीडशे फुटांहून अधिक खोल उडी घेते. धरण झाल्यापासून या उडीचा जोर बराचसा वरून सुटणाऱ्या पाण्यावर अवलंबून असतो. आमच्या सुदैवाने पाणी भरपूर होते. बोललेले ऐकू येत नव्हते, म्हणून आम्ही उभयता अर्धा तास न बोलता उभे होतो.

मुक्काम धरणाखालच्या शेंडी गावी केला. दुसऱ्या दिवशी सकाळी जलाशयाच्या काठी गेलो. तीन बाजूंस डोंगर, उत्तरेस १६४६ मीटर उंचीची कळसूबाई, जी महाराष्ट्रातील सर्वोच्च जागा. उतारांवर सोनकीच्या फुलांचा पिवळा सडा, आणि मध्ये निश्चल पाणी. आमच्या सोबतीणीने चपला काढल्या, पाण्यात पाय सोडले आणि कितीतरी वेळ ती तशीच बसून राहिली. घरी तिला इतकी स्वस्थ बसलेली आम्ही कधीच पाहिली नव्हती.

धरणाचे काम १९१० साली सुरू झाले व १९२६ साली संपले. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून त्यास विल्सन धरण म्हणत, व जलाशयास आर्थर लेक. सुमारे २७० फूट उंचीची ती दगडी भिंत. तिच्या पोटाशी सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी साठते. पायथ्याशी बाग आहे, आणि धरणातून पाणी सोडले की खडकावरून ते छत्रीसारखे गोल पसरून कोसळते, म्हणून त्यास अंब्रेला फॉल म्हणतात. आता या जलाशयाशी राघोजी भांगरे यांचे नाव जोडले गेले आहे, ते यथायोग्यच होय. याच तालुक्यातील देवगावचा हा महादेव कोळी वीर इंग्रजांविरुद्ध उठला, आणि १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला.

तिसऱ्या दिवशी तळ्याच्या कडेकडेने रतनवाडीस गेलो. तेथील अमृतेश्वराचे कोरीव मंदिर व त्याजवळील पुष्करिणी, जिच्या भिंतींतील देवकोष्ठांत विष्णुमूर्ती आहेत, ही पाहिल्यावाचून कोणी परतू नये. पावसाळ्यात गाभाऱ्यातील पिंडी पाण्याखाली जाते. आम्ही गेलो तेव्हाही तीवर ओंजळभर पाणी होते.

परतताना वाटेत एका वाडीवर सौभाग्यवतींस तहान लागली. एका वृद्ध बाईने ओटीवर बसवून तांब्याभर पाणी दिले. “मावशी, तुमचं मोठं भाग्य. दारात एवढं पाणी!” सौभाग्यवती म्हणाल्या. म्हातारी हसली. “बाई, दिसतं तं समद्यांना. पर उन्हाळ्यात खाली उतरावं लागतंय, आन् हंडा वर आणायचा तो आमच्याच डोईवर.” मग तिने हाताने तळ्याचा मध्य दाखविला. “आमच्या सासऱ्याच्या बापाची भातखाचरं तितं होती.”

सौभाग्यवतींनी पाणी अर्धे प्यायले होते. उरलेले त्यांनी ओतले नाही, संपविले. त्या दिवशी त्या फारशा बोलल्या नाहीत. रात्री मात्र म्हणाल्या, “अहो, आपण संगमनेरच्या पुढं ऊस पाहिला ना? तो या मावशीच्या खाचरांवर उभा आहे.”

गोष्ट खरी आहे. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या दोन कालव्यांनी या पाण्याने प्रवरेचे खोरे पालटले. १९५० साली लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तो याच पाण्याच्या बळावर. ज्या जिल्ह्यात माणसे दुष्काळात गावे सोडीत, तेथे साखर पिकली. यास कोण वाईट म्हणेल? पण ज्यांची जमीन बुडाली ते डोंगरावर राहिले आणि पाणी खाली गेले, हेही तितकेच खरे.

चौथ्या दिवशी घाटघरास कोकणकड्यावर गेलो. येथे रात्री खालच्या जलाशयातील पाणी वर चढवून दिवसा ते सोडून वीज करणारा २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. कड्याखाली धुके दाटले होते, ते क्षितिजापर्यंत पांढरे पसरलेले. “हाच समुद्र समजू का?” आम्ही विचारले. “समजा,” त्या म्हणाल्या, “पण खरा दाखवायचा राहिलाच आहे.” तेव्हा पुढील वर्षाचा बेत तेथेच ठरला.

ज्यांस जावयाचे असेल त्यांनी भाद्रपद-आश्विन साधावा, सोबत गरम वस्त्र घ्यावे, आणि सकाळी येऊन संध्याकाळी परतणे टाळावे. घाईच्या प्रवाशास येथे केवळ पाणी दिसते. ते कोठून आले व कोणास सोडून कोठे गेले, हे कळावयास चार दिवस राहावे लागते.