दगडावरचे नाव

2019 च्या ऑगस्टमध्ये गोदावरी सायखेड्यात शिरली आणि आमच्या जुन्या घराची पुढची भिंत घेऊन गेली. ती पुन्हा उभारायला पैसे मी दिले आणि दाराशेजारी माझ्या नावाचा दगडही मीच बसवून घेतला. आठ दिवस घमेल्याने चिखल उपसलेल्या दादाने तो पाहिला आणि म्हणाला, "अक्षर झकास आलंय हं!"

पुढे एका दिवाळीत पणत्या लावून झाल्यावर पोरे गोष्टीसाठी मागे लागली. नरकासुर, बळी त्यांना तोंडपाठ. मग मी मास्तरकीच्या ऐटीत बायबलातल्या दानीएलाचे स्वप्न काढले. समुद्रातून चार श्वापदे वर येतात. चौथ्याला दहा शिंगे. त्यांतच एक इवलेसे शिंग उगवते. त्याला माणसाचे डोळे आणि बढाया मारणारे तोंड!

"शिंगाला तोंड?" धाकटी खिदळली.

"हो तर! ते शिंग म्हणजे सीरियात राज्य करणारा ग्रीक राजा चौथा अँटिओकस, असं पुष्कळ पंडित मानतात. इ.स.पू. 175 ते 164 हा त्याचा काळ. नाण्यांवर त्यानं स्वतःला 'प्रकट झालेला देव' म्हणवून घेतलं. यरुशलेमच्या मंदिरातली ज्यूंची उपासना बंद पाडली. पुढे ज्यूंनी मंदिर परत घेतलं आणि तिथं पुन्हा दिवे लावले. त्या आठवणीचा हनुक्का हा त्यांचा दिव्यांचा सण."

आपल्या कोकणातले बेने इस्रायल याच राजाच्या काळात मायभूमी सोडून निघालेल्यांचे वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. अलिबागजवळ नौगावला गलबत फुटले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. तेलाचा घाणा चालवून, शनिवारी तो बंद ठेवून ही माणसे 'शनवार तेली' झाली, मराठी बोलू लागली. हनुक्का मात्र त्यांना पूर्वी ठाऊक नव्हता. पूर्वज त्याआधीच निघाले होते ना!

सांगता सांगता माझाच आवाज चढला. "लक्षात ठेवा, शिंगाला पाय नसतात. ते श्वापदाच्या पायांवर फिरतं आणि बढाई मात्र स्वतःची मारतं!"

पुतण्याने दाराकडे पाहिले. "काका, त्याचं नाव नाण्यावर होतं. तुमचं दगडावर आहे, नाही?"

"गप रे," दादा म्हणाला, "पैसे काकानं दिलेत."

पोराच्या प्रश्नापेक्षा दादाने घेतलेली माझी बाजूच मला अधिक लागली. माझ्या शिक्षणासाठी कांद्याच्या गोण्या कोणी वाहिल्या होत्या, हे त्या ओसरीवर आम्हां दोघांनाच ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी मी गवंड्याला बोलावले. म्हटले, याच दगडावर वर दादाचे नाव कोर. त्याने दगडावरून हात फिरवला आणि हसला. "जागा कुठाय, मास्तर? तुम्हीच तर अक्षरं एवढी मोठी काढून घेतलीत!"

नवा दगड सांगितला आहे.