पेजेचा डबा

आमच्याकडे पाचारण म्हटलं की दारं तीनच. लग्न करा, नाहीतर फादर व्हा, नाहीतर सिस्टर. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात बाई आम्हाला हात वर करायला लावायच्या, कोणाला काय व्हायचंय म्हणून. यातलं काहीच न होणाऱ्यांसाठी हात वर करायची सोय नव्हती. मी आता शेहेचाळीस वर्षांची आहे, वसईत वाडीतल्या जुन्या घरात एकटी राहते आणि त्या तिन्हींपैकी एकाही दारातून आत गेलेली नाही. ठरवून नाही, रुसूनही नाही. दोन-तीन स्थळं आली, जमलं नाही. मग आईचं आजारपण, मग वय... असो. ही गोष्ट इतक्या लग्नघरांत सांगून झालीय की आता माझी मलाच कंटाळवाणी वाटते.

प्रश्न वेगळाच आहे. देवाचं प्रेम आम्हाला बहुतेक वेळा घरसंसाराच्या भाषेतच सांगितलं जातं. देव बाप, चर्च आई, ख्रिस्त वर. सुंदर आहे हे सगळं, मी नाही म्हणत नाही. पण रविवारी मिस्सेत एकमेकांना शांती देण्याची वेळ येते ना, तेव्हा नवरा आधी बायकोकडे वळतो, आई मुलांकडे वळते, आणि मग सगळे हात जोडून आजूबाजूला बघतात. त्यामधले दोन-तीन सेकंद मी वेदीकडे बघत उभी असते. दोन-तीनच सेकंद हो! पण ते किती लांब असतात हे एकट्या माणसाला विचारा.

"तुझं बरं आहे, सगळा वेळ देवासाठी मोकळा," असं मला सांगणारे काही कमी नाहीत. त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की गॅसचा नंबर, वीजबिल, गळका नळ आणि पावसाआधी कौलं चाळणं ही कामं एकट्या माणसाच्या घरीही असतात, आणि वाटून घ्यायला कोणी नसतं. माझी रोजारी होते ती सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये. तीही एखादी बाई "सरका जरा" म्हणून चौथी सीट करून देईल त्या दिवशी. दुसऱ्या-तिसऱ्या रहस्याला भाईंदरची खाडी येते आणि माझा डोळा लागतो. जाग येते तेव्हा माळ बोटांत असते आणि बोरिवली मागे पडलेलं असतं.

या बाबतीत मला लिझ्यूच्या छोट्या तेरेजाचा फार आधार वाटतो. कार्मेल मठातली ही मुलगी 1897 साली चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली आणि 1997 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला चर्चच्या आचार्यांमध्ये बसवलं. एवढी मोठी संत, पण प्रार्थनेत चक्क झोपायची! आणि त्याचं वाईटही वाटून घ्यायची नाही. मूल जागं असो की झोपलेलं, आईबापांना ते सारखंच आवडतं, असं तिचं म्हणणं.

चर्चच्या 1992 सालच्या धर्मशिकवणीच्या ग्रंथात 1658 क्रमांकाचा एक परिच्छेद आहे. विवाहावरचं सगळं सांगून झाल्यावर अगदी शेवटी तिथे एकट्या माणसांची आठवण काढलीय. (शेवटी का होईना!) अनेकांनी ही परिस्थिती स्वतः निवडलेली नसते, ते येशूच्या हृदयाच्या विशेष जवळचे असतात, असं त्यात आहे. पुढे जे आहे ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. घरांची दारं त्यांच्यासाठी उघडी असली पाहिजेत, असं तिथे म्हटलंय. म्हणजे बघा, आम्हाला "प्रार्थना वाढवा" असं सांगून मोकळं केलेलं नाही. काम शेजाऱ्यापाजाऱ्यांना लावलंय.

बायबलमध्येही असंच एक काम आहे. आपल्या वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' 2010 साली आलं, तेव्हापासून मी त्यात एलिया संदेष्ट्याची गोष्ट काढून वाचते. पहिल्या राजे पुस्तकाचा 19वा अध्याय. प्रवचनांत सगळे त्यातल्या डोंगरावर येतात. वादळात देव नव्हता, भूकंपात नव्हता, आगीत नव्हता, आणि मग तो मंद आवाज. मला मात्र त्याआधीचा भाग आवडतो. राणी ईजबेलच्या भीतीने एलिया पळालाय. बरोबरच्या सेवकालाही मागे ठेवून एकटाच रानात गेलाय आणि एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतोय. त्याला ना उपदेश मिळतो, ना दर्शन. देवदूत येऊन त्याला हलवतो आणि ऊठ, खा म्हणतो. उशाशी तापलेल्या दगडावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलिया खातो आणि परत झोपतो! देवदूत रागावत नाही. दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला लावतो, पुढचा रस्ता लांबचा आहे म्हणून.

गेल्या जुलैत मला ताप भरला. पहिले दोन दिवस बिस्किटं आणि गोळ्यांवर काढले. तिसऱ्या दिवशी उठवेना. बाहेर धो धो पाऊस, बावखलातल्या बेडकांचा आवाज, आणि डोक्यात एकच विचार, आपल्याला काही झालं तर कळणार कधी आणि कोणाला? तो विचार ज्याने केलाय त्याला पुढचं सांगायला नको. प्रार्थना करावी एवढंही त्राण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती.

संध्याकाळी दार वाजलं. शेजारच्या आजींचा आठ वर्षांचा नातू, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी आणि हातात डबा. पडवीतला दिवा दोन रात्री लागला नाही हे आजींनी आपल्या खिडकीतून बघितलं होतं. डब्यात गरम पेज आणि भाजलेला सुका बोंबील.

"आंटी, आजीने सांगितलंय, तू खाईपर्यंत मी इथेच बसायचं."

आणि बसला की! उंबरठ्यावर पाय सोडून, बेडूक मोजत. मध्येच मागे वळून डब्यात किती उरलंय ते बघायचा. मी खाल्लं आणि झोपले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला.

आजींना नंतर काही बोलायला गेले तर म्हणाल्या, "बाय, पेज काय, घरात होतीच."

डबा अजून माझ्याकडे आहे. रिकामा कसा द्यायचा? पोराला आगाशीची सुकेळी आवडतात, पण आजींना मधुमेह. शुक्रवारी बाजारात चांगले बांगडे दिसले तर तेच घेईन.