लेकाची गाडी आणि माझे गुडघे

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. एप्रिल ते जून म्युनिकला लेकाकडे होते. तिथल्या बागा, संग्रहालयं यांबद्दल पुन्हा कधीतरी. आज लिहायचंय ते त्याच्या गाडीबद्दल, कारण जवळजवळ तीन महिने आम्ही सगळे तिच्या कलाने राहिलो.

गाडी बीएमडब्ल्यू एम-5. 2019 सालची, दुसऱ्याच्या हातची. दिसायला चार दारांची, चारचौघींसारखी. पण आत 4.4 लिटरचं व्ही-8 इंजिन, 600 अश्वशक्ती, आणि उभ्या गाडीचा वेग 3.4 सेकंदांत ताशी शंभर! मी शाळेत लुनाने जायचे. लुनाचं इंजिन 50 सीसीचं. हिशेब केला, तर या एका गाडीत माझ्या 88 लुना बसतात. हे ऐकून लेक हसला, पण सूनबाई जास्त हसली.

आता एवढी ताकद रोज कशासाठी? तर नातीला बालवाडीत सोडायला. अंतर दोन किलोमीटर, सगळीकडे ताशी तीसची मर्यादा. सकाळी गार इंजिन सुरू झालं की मिनिटभर सगळं बेसमेंट दणाणतं. उभ्या गाडीचं इंजिन विनाकारण चालू ठेवायला जर्मनीत बंदी आहे, म्हणून लगेच निघायचं, पण बेताने. तेल तापेपर्यंत इंजिन जोरात फिरवायचं नाही, मर्यादा समोर काट्याजवळ दिसते. आणि तेल तापायच्या आत बालवाडी येते. "अशा छोट्या फेऱ्या इंजिनाला वाईट," असं लेकच म्हणतो आणि रोज तीच फेरी मारतो. गावात लिटरला सहा किलोमीटर. मी मनातल्या मनात युरोचे रुपये करायचे आणि गप्प बसायचे.

एका रविवारी आम्ही दोघंच गार्मिशला निघालो. ए-95 या रस्त्यावर बऱ्याच ठिकाणी वेगाला मर्यादा नाही, 130 ही नुसती शिफारस. "आई, दाखवू?" म्हणाला. 220 ला गेली. ना धक्का, ना हादरा. मला भीती वाटली ती त्याचीच. "पुरे रे," म्हटलं, तसा त्याने लगेच वेग उतरवला. असो.

खरी गोष्ट वेगळीच आहे. या गाडीची सीट खोल, दोन्ही बाजूंनी उचललेली. पळताना माणूस हलू नये म्हणून ते बरोबर, पण माझ्या गुडघ्यांना उतरताना दार पुरतं उघडावं लागतं. बेसमेंटमधली त्याची जागा दोन खांबांच्या मधे. एका संध्याकाळी तो नातीला पाळण्यातून, म्हणजे त्या मुलांच्या सीटमधून, काढत होता. मी दार लोटलं आणि ते खांबाला लागलं. आवाज फारसा झाला नाही. दाराच्या कडेला बोटभर रंग गेला होता आणि खांबाचा पिवळा रंग लागला होता. मी पदराने पुसला. थोडा गेला. आणि मी काही बोलले नाही.

दोन दिवस. एकतीस वर्षं शिकवलेल्या बाईने दोन दिवस. जेवताना तो गाडीबद्दल बोलला की मी नातीच्या ताटात भात वाढायचे. तिसऱ्या रात्री झोप येईना, तेव्हा उठून सांगितलं.

तो तसाच चपला घालून खाली गेला, मीही मागोमाग. मोबाइलचा उजेड पाडून, खाली बसून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

हा प्रश्न मी वर्गात किती मुलांना विचारला असेल! फुटलेली काच, फाटलेलं नकाशाचं पुस्तक. मुलं खाली मान घालून उभी राहायची, आणि मी उत्तरासाठी अडून बसायचे. त्या रात्री मीही तशीच उभी राहिले. तो अडून बसला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी फारसं बोललाही नाही, हेही लिहायला हवं.

त्यानंतर रोज तो खांबांच्या अलीकडेच थांबायचा. "उतर गं आई, मग लावतो." मी सावकाश उतरायचे, दार हाताने धरून. मग नातीचं दप्तर घेऊन बाजूला उभी राहायचे, आणि गाडी त्या दोन खांबांच्या मधे हळूहळू आत जायची.