आजीचा पंप

फ्लुइड मेकॅनिक्समध्ये पंपाच्या गणितांवर मला चांगले मार्क पडले होते. पण पंप खरा कळला तो मरोळच्या घरी, आजीच्या पलंगाशेजारी!

२००० साली ब्रीच कँडीत वाजपेयींचा गुडघा बदलला, तेव्हापासून "पंतप्रधानांनी केलं, मग मी का नको?" हे आजीचं पालुपद. धीर यायला मात्र वीस-बावीस वर्षं गेली. ऑपरेशन झकास झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बजावलं, "गुडघ्याइतकंच पोटरीकडे लक्ष ठेव."

पोटरीकडे? त्यांनी कागदावर आकृतीच काढली. चालताना पोटरीचे स्नायू शिरा दाबतात आणि रक्त वर हृदयाकडे जातं. शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. म्हणजे पंप आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह! माणूस पडून राहिला की पंप बंद, रक्त रेंगाळतं. त्यात ऑपरेशननंतर रक्त गोठायला टपलेलंच असतं. पायात गुठळी झाली आणि ती सुटून फुप्फुसात अडकली, तर जिवावर बेततं.

म्हणून रोज एक गोळी, वॉकर धरून चालणं आणि जागेपणी दर तासाला पावलं वर-खाली करणं. आपण जिला 'रक्त पातळ करणारी' म्हणतो, ती गोळी रक्त पातळ करत नाही, गोठणं लांबवते, हेही तेव्हाच कळलं.

पावलं मोजायची ड्यूटी माझी. "मेल्या, इथे जीव जातोय माझा आणि तुला आकडे सुचतायत!" चार दिवस शिव्या खात मोजलं. मग परीक्षा जवळ आली, मी पुस्तकात डोकं घातलं. आजी नुसतीच म्हणायची, "केलं रे."

दहाव्या दिवशी पोटरी सुजली. "जरा तेल लावून चोळ," आजी म्हणाली. बाटली हातात घेतली आणि डॉक्टरांचे शब्द आठवले : सूज आली तर चोळायचं नाही, लगेच फोन करायचा. डॉपलर तपासणीत पोटरीच्या शिरेत छोटी गुठळी निघाली. औषध बदललं, ते तीन महिने चाललं.

"सगळं करूनही कधीकधी होतं. वेळेत आलात हे महत्त्वाचं," डॉक्टर म्हणाले. तरी ते न मोजलेले आकडे मला अजून टोचतात.

आता आजी मरोळच्या बाजारात सुकट आणायला चालत जाते, भावावरून भांडते. मित्रांनो, घरी कोणाचा गुडघा बदलला, तर तुम्ही मोजायला बसा. पायाला सूज आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर थेट हॉस्पिटल गाठा. परीक्षा काय, परत देता येते.