तात्यापाऱ्यातला समुद्र

रायपूर आणि समुद्र यांचा काही संबंध नाही. विशाखापट्टणमला जायचे तरी रेल्वेने पाचशे किलोमीटरच्या वर प्रवास. उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसवर चढतो आणि घरोघरी कूलरची घरघर सुरू होते. अशा गावात, तात्यापाऱ्यातल्या एका जुन्या मराठी घराच्या बैठकीत, तीनशे लिटर समुद्र गेली चौदा वर्षे नांदतो आहे असे सांगितले तर कुणाला खरे वाटणार नाही. पण आहे खरा! चार फुटी काचेची पेटी, तळाशी पांढरी वाळू, काही दगड, आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरवणारी क्लाउनफिशची जोडी.

ही हौस मुळात मुलाची. 2011 साली त्याने मुंबईहून गीतांजली एक्स्प्रेसने थर्मोकोलच्या खोक्यात, प्राणवायू भरलेल्या पिशवीत हे दोन मासे आणले. पुढे तो शिकला, नोकरीला लागला आणि कॅनडाला गेला. पेटी काही कॅनडाला जाणार नव्हती. ती निवृत्त वडिलांकडे आली. (मुलांच्या हौशी अशाच आईवडिलांच्या पदरात पडतात. कुणाकडे कुत्रा, कुणाकडे गुलाबाच्या कुंड्या.) वडिलांनी आयुष्यभर गणित शिकवले होते. त्यांनी वही घातली आणि पाण्याचा खारटपणा, तापमान, बाष्पीभवन यांचे आकडे रोज त्यात उतरू लागले.

खाऱ्या पाण्याचा संसार गोड्या पाण्यासारखा सोपा नसतो. एका लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम मीठ, म्हणजे अख्ख्या पेटीला दहा-अकरा किलो. तेही जेवणातले नव्हे, तर समुद्रातले सगळे क्षार असलेले, मुद्दाम तयार केलेले. उन्हाने पाणी उडते, पण मीठ मागेच राहते. म्हणून रोज भर घालायची ती गोड्या, शुद्ध केलेल्या पाण्याची. शिकागोच्या शेड मत्स्यालयापुढे 1930 साली हाच प्रश्न होता. तेही समुद्रापासून लांब. त्यांनी फ्लोरिडातल्या की वेस्टहून रेल्वेच्या टाकीगाड्या भरभरून सुमारे दहा लाख गॅलन समुद्राचे पाणी आणवले होते. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली सुरू झाले तेव्हा अरबी समुद्र रस्त्यापलीकडेच होता. रायपूरकराला मात्र मिठाची पिशवी आणि बादली.

या संसारात सगळ्यात कष्टाळू कोण असेल तर पेटीखालच्या कपाटातले प्रोटीन स्किमर नावाचे यंत्र. नाव भारदस्त असले तरी काम स्वयंपाकघरातलेच. डाळ शिजताना वर येणारा फेस आपण झाऱ्याने काढतो. गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळू लागला की मळी काढतात. तसेच हे. माशांची विष्ठा, उरलेले अन्न, अंगावरचा बुळबुळीतपणा यांतली द्रव्ये पाण्यात मिसळतात. त्यांच्या रेणूंचे एक टोक पाण्याला धरून राहते, दुसरे पाण्यापासून पळते. उभ्या नळकांड्यात बारीक बुडबुड्यांचा लोट सोडला की हे रेणू बुडबुड्यांना चिकटतात, फेस होऊन वर चढतात आणि वरच्या भांड्यात काळ्या चहासारखे पाणी जमते. वास मात्र चहाचा नाही! ही घाण कुजून अमोनिया व्हायच्या आतच बाहेर पडते, आणि शिवाय पाण्यात हवा खेळते. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, म्हणून तिथे हे यंत्र जवळजवळ निरुपयोगी. खाऱ्या पाण्यात ते बारीक राहतात. कोकणात किनाऱ्यावर लाटांनी साचलेला फेस पाहिला असेल, तो याच जातीचा.

त्या घरातले यंत्र म्हातारे झाले होते. पूर्वी आठवड्यातून दोनदा भांडे भरायचे. मग पंधरवड्यात एकदा, तेही पातळ पाणी. वहीत ते दिसत होते, पण गणिताच्या मास्तरांनाही काही आकडे बघायचे नसतात. आधी हवेची नळी गरम पाण्याने धुतली, कारण मिठाचे खडे तिचे तोंड बंद करतात. मग पंप व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवला, चुन्याचा थर उतरला. चार दिवस फेस छान आला आणि पुन्हा बसला.

मे महिन्यातल्या एका रात्री काकूंना जाग आली. "अहो, काहीतरी बंद पडलंय. आवाज नाही येत." पंखा चालू, कूलर चालू. बंद होती ती कपाटातली गुणगुण. चौदा वर्षांत त्या आवाजाकडे कुणी लक्ष दिले नव्हते, तो थांबल्यावर मात्र झोप उडाली. दोन्ही मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून धापा टाकत होते. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो, त्यात हवा घालणारे यंत्र थांबलेले. पहाटेपर्यंत काका तांब्याने पाणी उचलून वरून धार सोडत बसले आणि काकू टेबल फॅन पेटीवर धरून उभ्या राहिल्या.

सकाळी कोपऱ्यावरचा कूलरवाला आला. पंप उघडून त्याने निदान केले, "काकाजी, एकर मोटर त बने हे, पंखी ह घिस गे हे." पंखी झिजली होती आणि तिच्या आतल्या चुंबकाचे वेष्टन तडकून खारे पाणी शिरले होते. चुंबक गंजून फुगला होता आणि भिंतीला घासत होता. घासून दिले तर तात्पुरते चालले असते, पण गंज पाण्यात उतरला असता. सुटा भाग मिळेना. ते मॉडेल निघणे कधीच बंद झाले होते. तूर्त एक साधा हवेचा पंप लावून वेळ निभावली.

मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, आता पुरे झालं. देऊन टाका कुणाला तरी." सल्ला चुकीचा नव्हता. पण द्यायचे कुणाला? ओळखीत गोड्या पाण्याच्या पेट्या सगळ्यांकडे, खाऱ्याची एकाकडेही नाही. क्लाउनफिश नीट सांभाळला तर वीस वर्षेही जगतो. दुकानदाराने नव्या यंत्राबद्दल सांगितले, "दहा वर्षं बघायला नको." ते ऐकून काका गप्प झाले. त्यांचे वय चौऱ्याहत्तर. एका बाजूला दहा वर्षांचे यंत्र, दुसऱ्या बाजूला आपले गणित. हे उत्तर कुठल्या वहीत मांडता येणार?

निकाल काकूंनी लावला. "घ्या. उद्याचं उद्या. ते दोघं काय आपलं वय विचारून जगतायत?"

घ्यायचे ठरल्यावर काका पुन्हा मास्तर झाले. दुकानदार मोठे यंत्र गळ्यात मारू पाहत होता. पण दोन माशांच्या घाणीला भलेमोठे नळकांडे घेतले तर फेस धरतच नाही, वर चढायच्या आधी मोडतो. पेटीच्या मापाचेच हवे, आणि कपाटाच्या उंचीत भांडे काढता-घालता आले पाहिजे. जुना पंप पंचवीस वॉटचा, अहोरात्र चालणारा, म्हणजे महिन्याला अठरा युनिट. नवा डीसी पंप बारा वॉटचा, वेग कमी-जास्त करता येणारा आणि चोवीस व्होल्टवर चालणारा. बॅटरी जोडली की वीज गेली तरी चालू. वादळी पावसात रायपूरची वीज कशी वागते हे ठाऊक असलेल्या माणसाला हा मुद्दा पुरेसा होता. रक्कम मात्र घरच्या दोन महिन्यांच्या किराण्याएवढी. काकूंनी ती काढून दिली. कुठून, ते काकांनी विचारले नाही.

नवे यंत्र आले आणि पहिल्याच दिवशी भांडे ओसंडून कपाटात पाणी! काका घाबरले. पण नव्या प्लॅस्टिकवरचा तेलकटपणा जाईपर्यंत फेस असाच बेताल होतो, तो आठवड्या-दोन आठवड्यांत ताळ्यावर येतो. तोवर वेग कमी ठेवायचा आणि खालच्या टाकीतली पाण्याची पातळी एकसारखी राखायची, कारण पातळी बोटभर हलली तरी फेस बदलतो. नवव्या दिवशी भांड्यात पहिल्यांदा काळा चहा जमला. काकांनी तो उजेडात धरून पाहिला, वहीत नोंद केली आणि ओतून द्यायला अंगणाकडे निघाले.

"तुळशीत नको हं," आतून आवाज आला. "खारट आहे ते."